डावीकडची सीट

८ ऑक्टोबर
ड्रायव्हिंग स्कूलचं वसतिगृह

ती. ताईस,
मित्सुएचा सा. न. वि. वि.

ताई, मी अजून जिवंत आहे, आणि मी कोणाला मारलेलंही नाही. ही दोन वाक्यं एका दमात लिहायची वेळ त्रेसष्टाव्या वर्षी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला इथं ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. खोलीत माझ्याबरोबर तीन मुली आहेत, तिघी मिळून माझ्या वयाच्या होत नाहीत. त्यातली रिरिका म्हणून एक आहे, तिची नखं बोटाएवढी लांब. या नखांनी गिअर कसा धरणार, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली, मी-चान, नखांनी नाही गं, तळहाताने! मी-चान! आईनंतर या लाडाच्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. मी इतकी दचकले की रागवायचंच राहून गेलं.

सगळंच दचकवणारं आहे. आमचे नोमियामा मास्तर वयानं माझ्या भाच्यासारखे. पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्ही चाकाला असं काय धरलंय, चहाचा कप आहे का तो? आपल्या शाळेतल्या नन, मदर क्लेमाँस, गुडघे जुळवून बसायला शिकवत. आता मास्तर सांगतात, बाई, गुडघे जुळवून क्लच दाबता येत नाही. चाळीस वर्षं, अगदी जाईपर्यंत, माझे पती गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून संत्री सोलून द्यायचे. गाडी चालवायला इतके पाय लागतात हे मला ठाऊकच नव्हतं.

पण मी मागे हटणार नाही. तू मागच्या पत्रात पुन्हा लिहिलंस की काही गरज नाही. ताई, गरज आहे. तुमच्या तानिगुची गावाची बस बंद झाली. भावोजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात न्यावं लागतं. त्यांचं लायसन या थंडीत संपतंय, आणि एकोणऐंशीव्या वर्षी त्या डोळ्यांना नवीन कोण देणार? डायलिसिस चुकलं तर काय होतं ते डॉक्टरांनी तुम्हा दोघांना सांगितलंय, मी पुन्हा लिहीत नाही. मी पास झाले की कोबेचं घर बंद करून तुमच्याकडे येते. तुमच्या ट्रकला गिअर आहेत, म्हणून तर मी सोपी गाडी सोडून ही अवघड शिकतेय.

तुमच्याकडे भात कापून झाला असेल. भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
मित्सुए


१० ऑक्टोबर
तानिगुची

चि. मित्सुएस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला आधी एक सांगते: इथं तुझी वाट बघत कोणी दारात बसलेलं नाही. तू येणार म्हणतेस, ये, राहा, रताळी खा. पण गाडीसाठी येऊ नकोस. इथल्या रस्त्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी. कोबेत फुटपाथवर सायकल ढकलत नेणारी तू! शाळेच्या उतारावरून सायकल सोडून देऊन भाजीवाल्या बाईच्या टोपलीत जाऊन पडली होतीस, आठवतं का? मदर क्लेमाँसनी मला बोलावून घेतलं होतं, जशी काही मीच तुला ढकललं होतं.

हे उत्तम गाडी चालवतात. तीन वर्षांत एक ओरखडा नाही. गावात कोणालाही विचार.

आता शिकतेच आहेस तर ऐक. चढावर गाडी मागे जाते म्हणून तू घाबरत असशील. क्लच सोडताना खाली बघायचं नाही. इंजिनाचा आवाज ऐकायच्या भानगडीतही पडायचं नाही, तळपायाला कळतं. बारीक थरथर येते, गाडी नाक जरासं वर उचलते. तिथं पाय थांबवायचा, मग हँडब्रेक सोडायचा. आणि वळणावर आरसा दिसला की आधी आरशात बघायचं, रस्त्याकडे मग. असं हे सांगतात.

ह्यांचा म्हाताऱ्या चालकांचा वर्ग येत्या मंगळवारी तुमच्याच शाळेत आहे, लायसन वाढवायला तो करावाच लागतो. तू उगीच पुढे पुढे करू नकोस. ते लाजतात. लांबूनच बघ.

ती नखांची पोरगी चांगली दिसते. तिला रताळी दे, वेगळी बांधून पाठवतेय.

आशीर्वाद तर आहेतच, थोडी अक्कलही मागून घे देवाकडे.

तुझी ताई,
कियो


१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. शिकाऊ लायसनची परीक्षा झाली. पहिल्या वेळी काटकोनी वळणात मागचं चाक कठड्यावरून घसरलं, आणि मास्तर एवढंच म्हणाले, उतरा. दुसऱ्या दिवशी पास. रिरिकानं मला उचलून गोल फिरवलं. तुझी ती चढाची युक्ती बरोबर निघाली. मास्तरांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या भावोजींनी. म्हणाले, जुनी माणसं पायानं गाडी चालवतात.

आता जे लिहायचंय ते लिहिताना मन धजत नाही. बसून वाच.

सकाळी भावोजी आले. तुमचा पांढरा ट्रक फाटकापाशी थांबला, ते उतरले आणि ट्रक वळून गेला. शेतात घालतात तशी मोठी झालरीची टोपी आणि तोंडाला मास्क लावलेली कोणी शेजारीण चालवत होती. मी हात केला, तिनं पाहिलं नाही. मला बरंच वाटलं, म्हटलं, आज विश्रांती म्हणून भावोजींनी दुसऱ्याला चालवायला दिलंय.

तू सांगितलंस तसं मी लांबूनच पाहिलं. त्यांचा लेखी भाग झाला तेव्हा मी मुद्दाम ऑफिसात घुटमळत होते. तिथल्या बाई म्हणाल्या, या काकांची बुद्धी एकदम शाबूत, चित्रं दाखवली ती सगळी आठवली, घड्याळ तर काय सुंदर काढलंय. मला अभिमान वाटला. मग मैदानात गाडी आणली. शिक्षकांनी म्हटलं, या, बसा. आणि ताई, भावोजी गाडीला वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिले.

रांगेतले म्हातारे हसले. शिक्षकही हसले. म्हणाले, काका, आज मी पाहुणा, तुम्ही ड्रायव्हर! भावोजींनी पट्टा काढला. मग उतरले, उजवीकडे येऊन बसले, चाकावर हात ठेवले आणि म्हणाले, आज नको. डोळ्यांच्या तपासणीतही अक्षरं दिसली नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन या, असं सांगून त्यांना परत पाठवलं.

मी खिडकीतून हे सगळं पाहिलं. पन्नास वर्षं गाडी चालवलेला माणूस आपली बाजू विसरतो? कागदावरच्या परीक्षेत जे सापडलं नाही ते हे तर नसेल? ताई, मला फार भीती वाटते. उद्या बुधवार, डायलिसिसचा दिवस. त्यांना चालवू देऊ नकोस. त्या टोपीवाल्या शेजारणीच्या पाया पड, मी येईपर्यंत तिलाच ने म्हणावं. मी पास होईन, फक्त थोडे दिवस काढ.

तुझ्या काळजीत,
मित्सुए


१७ ऑक्टोबर

चि. मित्सुएस,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय. ह्यांचं डोकं ठीक आहे, तुझ्या माझ्यापेक्षा ठीक आहे. त्या दिवशी पोटात अन्न नव्हतं, म्हणून गोंधळले. आज इस्पितळात जाऊन आलो, सगळं नीट झालं. जो कोणी चालवतो तो नीटच चालवतो. तू आपल्या कठड्याकडे लक्ष दे.

मुळ्याचं लोणचं या वर्षी खारट झालंय, तरी पाठवते. फार विचार करू नकोस, त्यानं झोप जाते आणि झोपेत चालवलेली गाडी नदीत जाते.

ताई


१९ ऑक्टोबर

ताईस,

नमस्कार लिहायला हात वळत नाही. नंतर लिहीन.

आज मास्तर म्हणाले, शहरातले रस्ते झाले, आता डोंगरातला रस्ता घेऊ. कुठला ते त्यांनीच ठरवलं, मी काही बोलले नव्हते. तानिगुचीच्या अलीकडे अरुंद पूल आहे, पुलानंतर कड्याला चिकटून एकच गाडी जाईल एवढी वाट. मी तुझ्याच शिकवणीप्रमाणे वळणावर आरशात पाहिलं. आरशात पांढरा ट्रक आला. आम्ही दोन्ही गाड्या समोरासमोर थांबलो. मास्तर म्हणाले, आता तुम्हाला मागे घ्यावं लागेल, चला, शिकायची चांगली संधी आहे. मी क्लच दाबून बसले. खाली नदी दिसत होती.

तेवढ्यात समोरचा ट्रकच मागे जायला लागला. वाकड्या वळणावरून, कड्याला चाटून, नदीच्या बाजूला बोटभर जागा सोडून, न थांबता, न डगमगता, पार त्या रुंद जागेपर्यंत गेला आणि अलगद बाजूला लागला. मास्तर पुढे वाकून बघत होते. म्हणाले, बघितलंत? याला म्हणतात हात! या आजींच्या पाया पडा आणि असं मागे घ्यायला शिका.

मी हळूहळू पुढे गेले. शेजारून जाताना रीतीप्रमाणे मान लववून आभार मानले. मान वर केली, तर झालरीच्या टोपीखाली तू.

तूही मान लववलीस, ताई. परक्या बाईला लववावी तशी. आणि डावीकडच्या सीटवर भावोजी, हात गुडघ्यांवर, समोर बघत.

माझी गाडी तिथंच बंद पडली. मास्तर म्हणाले, अहो, अवघड ते झालं, आता काय? मला दोनदा गाडी सुरू करता आली नाही. तू आरशातून बघत असशीलच.

परत येऊन मी जेवले नाही. मुली विचारतात, मी-चान, कोणी मेलं का? मी तुला लायसन काढताना कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही. कारण तू काढलंच नाहीस! शाळेच्या हिरवळीवरून चालल्याबद्दल स्वतःहून मदर क्लेमाँसकडे जाऊन शिक्षा मागणारी तू. आम्हा धाकट्यांना तुझं उदाहरण देऊन देऊन नन थकल्या. आणि तू चौऱ्याहत्तराव्या वर्षी बिनलायसनची डोंगरात ट्रक चालवतेस? तुला मागून आलेल्या गाडीचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही! म्हणे, इंजिनाचा आवाज ऐकायच्या भानगडीत पडू नकोस!

इथं आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की बिनलायसनची गाडी चालवणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो, आणि जाणूनबुजून शेजारी बसणाऱ्यालाही सोडत नाहीत. उद्या तुझ्या चाकाखाली शाळेतून घरी येणारं पोर आलं तर? तू थांब. आजपासून थांब. नाहीतर मी मास्तरांना सांगेन, आणि मास्तर कोणाला सांगतील ते मला ठाऊक नाही.

मित्सुए


२१ ऑक्टोबर
तानिगुची

चि. मित्सुएस,

आशीर्वाद मी लिहिणार, कारण तू माझी धाकटी बहीण आहेस, पोलीस नाहीस.

तुला काय वाटलं होतं, ट्रक आपोआप शहरात जातो? तीन वर्षांपूर्वी इस्पितळातून येताना ह्यांनी पुलाअलीकडे गाडी थांबवली. म्हणाले, कियो, मधली रेघ कुठं आहे, मला दिसत नाही. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं. आम्ही बसून राहिलो. कोणी आलं नाही. शेवटी हे म्हणाले, तू इकडं ये, मी सांगतो तसं कर. माझे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, पाठीशी तांदळाची पिशवी लावली. घरी पोचलो तेव्हा मी अंगणात बसून हसले, मित्सुए. भीतीनं हसले असेन. पण इतकी तर मी लग्नातसुद्धा हसले नव्हते.

मग हिवाळाभर कापलेल्या शेतात ह्यांनी मला शिकवलं. तुझे मास्तर काय शिकवतील असं शिकवलं. तुझ्या शेजारी मास्तर बसतात, तुझ्याकडे तरी कुठं पक्कं लायसन आहे? माझ्या शेजारी हे बसतात. त्यांच्याकडे पन्नास वर्षांचं लायसन आहे. घरात एक लायसन आहे, गाडीत एक लायसन आहे. म्हणून तर ते वाढवायला हवं होतं. डावीकडची सीट ही त्यांची जागाच झालीय, त्यात त्यांचं डोकं कुठं बिघडलं?

शिकाऊ माणसाला आधी परवानगी लागते, असं तू म्हणशील. मला ठाऊक आहे. मी मूर्ख नाही. मदर क्लेमाँसना मी रोज मनात सांगते, त्या उत्तर देत नाहीत.

तू थांब म्हणतेस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तूच सांग, यातल्या कोणत्या दिवशी त्यांचं रक्त धुवायचं नाही? भात कापायच्या दिवसांत शेजाऱ्यांना आठवड्यातून तीनदा कोण विचारणार? टॅक्सी गावात यायला नाही म्हणते. तू पास होऊन ये, मी त्या क्षणी किल्ली देईन. तोवर मी चालवणार. मास्तरांना सांगायचं असेल तर सांग.

आणि पुलापाशी तू गाडी बंद पाडलीस तेव्हा आम्हा दोघांना फार वाईट वाटलं. पहिल्या गिअरमध्ये टाकायला विसरली होतीस.

ताई


२५ ऑक्टोबर
इस्पितळ, तिसरा मजला

चि. मित्सुए हिस,
आशीर्वाद.

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, घरात लिहिणारी एक होती. अक्षर मोठं आहे, ओळी वाकड्या आहेत, चालवून घे.

तुझं ते पत्र कियोनं मला वाचून दाखवलं. सगळं, शिव्यांसकट. वाचून झाल्यावर म्हणाली, ऐकलंत? हिला काही कळत नाही. मला मात्र कळलं होतं.

त्या दिवशी मैदानात म्हातारे हसले ते मला लागलं नाही. मी उजवीकडे जाऊन बसलो आणि चाकाला हात लावला तेव्हा मात्र घाबरलो. तीन वर्षं मी रोज तिला उजवीकडे बसवत होतो आणि स्वतः मजेत समोर बघत होतो. मला तर समोरचा रस्ता दिसतसुद्धा नाही. ज्याला दिसत नाही तो माणूस शेजारी बसून काय राखण करणार? तिला वाटायचं, मी आहे म्हणून ती कायद्यात आहे. आणि मी तिला तसं वाटू दिलं, कारण मला जगायचं होतं. एवढंच कारण.

सोमवारी ती मला इस्पितळात सोडून बाजारात गेली. सुया निघाल्यावर मी नर्सला हाताला धरायला लावलं आणि रस्ता ओलांडून पोलीस ठाण्यात गेलो. लायसन टेबलावर ठेवलं, परत करतो म्हटलं. तिथला शिपाई उठून उभा राहिला. म्हणाला, इतकी वर्षं सांभाळून चालवलीत, धन्यवाद. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मग वर येऊन डॉक्टरांना सांगितलं, मला घरी जायची सोय उरली नाही, काही दिवस इथंच ठेवा. त्यांनी एक खाट दिली. तुझी परीक्षा होऊन तू येईपर्यंत मला ठेवून घेतील.

ती न्यायला आली तेव्हा मी गाडीत बसलो नाही. सांगितलं, घरात आता लायसन नाही, गाडीतही नाही. बावन्न वर्षांच्या संसारात मी तिला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट. ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं मी कोणी भलताच माणूस आहे. किल्ली मुठीत होती. मला वाटलं, आता एकटीच चालवत जाईल. मग मी कसा अडवणार होतो? पण ती ट्रकला कुलूप लावून गेली. शेतकी सोसायटीच्या गाडीत मागे बसून गावी पोचली, असं नंतर कळलं. ट्रक इस्पितळाच्या आवारातच आहे. त्यावर जिंकोच्या झाडाची पिवळी पानं साचलीत, खिडकीतून तेवढा पिवळा रंग मला दिसतो.

परवा दिवसभर तिनं तोंड दाखवलं नाही. काल आली, टॅक्सीनं. शहरातून टॅक्सी वरपर्यंत बोलावली, केवढ्याला पडली ते तिनंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आल्या आल्या त्या टॅक्सीवाल्याच्या चुका मोजायला लागली. वळणावर गिअर उतरवला नाही, आरशात बघितलं नाही, पुलावर उगीच भोंग्यावर हात मारला. सबंध वाटेत हे सगळं त्यालाही ऐकवत आली, म्हणे. उतरताना त्यानं हात जोडले आणि विचारलं, आजी, तुम्ही स्वतः किती वर्षं गाडी चालवताय?

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

म्हणाली, मी सांगितलं, मला गाडी येत नाही.

एवढं बोलली आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी तिचा हात शोधला. तिचा डावा पाय फरशीवर हळूहळू दाबला जात होता आणि सुटत होता.

तू नीट अभ्यास कर. पास होऊन ये, आणि आलीस की तिच्या शेजारी बसून ती सांगेल ते सगळं ऐकून घे.

तुझा,
भावोजी इवाओ